जुनी ओबीएम सुरू होताना छळते? उद्यमनगरातल्या मामांच्या वर्कशॉपचा अनुभव

कोल्हापुरात बोटीच्या मोटरचं काम जाणणारा माणूस मिळणं किती अवघड आहे, हे ज्यांच्या दारात बोट आहे त्यांनाच ठाऊक. समुद्र घाटाच्या खाली. ओबीएमचे (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर) डीलर, पार्टचे साठे, हात बसलेले कारागीर सगळे किनारपट्टीला. इथे दुचाकीचे मेस्त्री गल्लोगल्ली आहेत, ट्रॅक्टरचे आहेत, ऑइल इंजिनचे तर विचारूच नका. पण निम्मी पाण्यात बुडून चालणारी आणि त्याच पाण्याने गार होणारी मोटर पुढ्यात ठेवली की बहुतेक जण "बघू या" म्हणतात आणि थेट कार्बोरेटर खोलायला घेतात. आमच्या मोटरचं तेच झालं होतं. ती शेवटी जिथे बरी झाली त्या वर्कशॉपबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण नदीकाठच्या किती तरी गावांत अशा जुन्या मोटरी ताडपत्रीखाली पडून आहेत आणि पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांची एकदम धावपळ होते.

वर्कशॉपला पाटी नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरून कुणालाही 'बोटीच्या इंजिनवाले मामा' म्हणून विचारा, चहाच्या टपरीवालासुद्धा दाखवेल. पत्र्याची शेड, आत एक जुना लेथ, लाकडी घोडीवर टांगलेल्या दोन-तीन मोटरी आणि दाराशी पाण्याने भरलेला लोखंडी ड्रम. मामा साठीच्या पुढचे. तरुणपणी बरीच वर्षं मालवणकडे मच्छीमारांच्या मोटरी दुरुस्त करायचे, मग आईवडिलांसाठी गावाकडे परतले. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदराने घेतलं जातं त्या या कोल्हापुरात हाताने काम जाणणाऱ्या माणसांची कमी कधीच नव्हती. मामा त्या जातकुळीतले, आणि वर त्यांना खाऱ्या पाण्याचा अनुभव.

आता आमच्या मोटरचं. मी प्रयाग चिखलीची. गावातल्या दूध संस्थेत काम करते आणि आमच्या मंडळाची बोट सांभाळते. पंचगंगा वाढली की आमच्या गावात काय होतं ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. आमच्याकडे लोक रेडिओवरच्या गाण्यापेक्षा हा आकडा जास्त लक्ष देऊन ऐकतात आणि त्याप्रमाणे जनावरं सोनतळीला हलवतात. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितल्यावर मंडळाने वर्गणी काढून फायबरची वापरलेली बोट आणि तिच्याबरोबर १५ हॉर्सपॉवरची जपानी टू-स्ट्रोक मोटर घेतली. दोन सिलिंडर, हाताने दोरी ओढून सुरू करायची, बॅटरीची भानगड नाही. पुरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं, दुधाचे कॅन, कधी बाळंतीण, सगळं तिने वाहिलं आहे.

ही मोटर गेल्या वर्षापासून सुरू होताना त्रास द्यायला लागली. सकाळी गार असताना हात भरून येईपर्यंत दोरी ओढायची, मग एकदा भसकन पेटायची, पुन्हा बसायची. एकदा लागली की मात्र फुल रेसला सरळ पळायची, कुठे अडखळायची नाही. पैलतीरी तासभर थांबून परत निघायचं म्हटलं की पुन्हा तेच. ज्यांनी पुराच्या पाण्यात बोट चालवली आहे त्यांना यातला धोका लगेच कळेल. धारेत मोटर लागली नाही तर बोट जागेवर थांबत नाही. ती झाडात जाते, नाही तर पाण्यात लोंबणाऱ्या विजेच्या तारांकडे जाते. वल्ही असली तरी त्या ओढीला पुरी पडत नाहीत. म्हणून "उशिरा का होईना, सुरू होते की" हे उत्तर मला कधीच मान्य नव्हतं.

मामांकडे जाण्याआधी मोटर आणखी एका ठिकाणी नेली होती. नाव घेत नाही. तिथे दोन्ही प्लग बदलले, कार्बोरेटरचा किट टाकला, पैसे घेतले आणि फरक पडेना म्हटल्यावर सांगितलं की लायनर-पिस्टन गेले आहेत, बोअर करावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून घ्यावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मंडळातली निम्मी पोरं म्हणाली, भंगारात घाला. नव्या मोटरीची किंमत लाखांच्या घरात, आणि वर्गणी पुन्हा कोण देणार?

मामांनी मोटरला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारले, आणि त्यांच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. "सुरू होत न्हाई म्हंजे कधी होत न्हाई? गार असताना का तापल्यावर? लागल्यावर फुल रेस घेते का? चालताना बल्ब मऊ पडतोय का? पेट्रोल कधीचं हाय?" (बल्ब म्हणजे पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा.) मी एकेक सांगत गेले, ते खडूने पत्र्यावर लिहीत गेले. फुल रेसला नीट पळते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "मग ताई, बोअरचं कुणी सांगितलं? दम नसलेली मोटर फुल रेसला अशी पळंल का?"

तरीही त्यांनी अंदाजावर काम सोडलं नाही. दोन्ही प्लग काढले, किल-स्विचची (ठिणगी तोडून मोटर बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून ठेवली, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) बसवून काटा पुढे जायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. एका सिलिंडरला ११५ पीएसआय, दुसऱ्याला ११०. त्यांचं म्हणणं असं की आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरांत फरक किती हे बघायचं. दहा टक्क्यांच्या आत असला तर अशा मोटरीत पैसे घालायला हरकत नाही. एकात खूपच कमी भरला तर रिंगा, गॅस्केट, पिस्टन बघावे लागतात आणि मग खर्चाचा विचार आधी करायचा. ही तपासणी दहा मिनिटांची. आधीच्या ठिकाणी ती केलीच नव्हती.

मग प्लग. प्लग परत लावले, चोक ओढला, बराच वेळ दोरी ओढली आणि प्लग पुन्हा काढून माझ्या हातावर ठेवले. कोरडे. टोकाला पेट्रोलचा वाससुद्धा नाही. "हितंच रस्ता फुटतो बघा," मामा म्हणाले. प्लग ओला निघाला तर पेट्रोल येतंय, मग ठिणगी बघायची किंवा चोक जास्त झालाय का ते बघायचं. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही, मग ठिणगीच्या मागे लागून उपयोग नाही. एवढी साधी गोष्ट आहे, पण मला वाटतं जुनी मोटर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही एक तपासणी शिकून घ्यावी. प्लगपान्यापलीकडे काही लागत नाही.

पेट्रोल का पोचत नाही हे शोधायची त्यांची पद्धत मी त्याआधी कुठे बघितली नव्हती. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची एक छोटी टाकी आणि पाइप आहे, जी नीट चालते याची त्यांना खात्री आहे. ती आमच्या मोटरीला जोडली, बल्ब दाबून कडक केला, ड्रममध्ये मोटर उभी केली आणि दोरी ओढली. लागली! म्हणजे कार्बोरेटरच्या अलीकडेच गोम होती. मग आमची टाकी आणि त्यांचा पाइप, पुन्हा लागली. मग त्यांची टाकी आणि आमचा पाइप, आणि तेव्हा मात्र तेच जुनं रडगाणं. टाकी सुटली, पाइप सापडला. न उघडता, न खोलता, नुसतं अर्धं अर्धं बदलून.

आमचा पाइप वरून ठीक दिसत होता. कुठे चीर नाही, गळती नाही. मामांनी तो मोटरकडच्या टोकापासून वीतभर कापला आणि ब्लेडने उभा चिरून उलगडला. आतला पातळ थर सापाच्या कातेसारखा सुटून आला होता. पेट्रोल इंजिनकडे ओढलं गेलं की तो थर पुढे सरकून वाट अडवायचा. बल्बने मागून जोर लावला तर थोडं जायचं, दोरीने फिरवताना मात्र जायचं नाही. असा पाइप बाहेरून कितीही बघितला तरी समजणार नाही. त्याच टोकाच्या कनेक्टरमधली ओ-रिंगसुद्धा (रबरी कडी) चपटी होऊन तडकली होती. तिथून पेट्रोल गळत नव्हतं, पण हवा आत शिरत होती. पेट्रोल गळलं तर दिसतं, हवा शिरली तर दिसत नाही, आणि ओबीएममध्ये हवेचा त्रास जास्त.

तासभर थांबून निघताना मोटर का रुसायची, त्याचं उत्तरही इथेच मिळालं. या मोटरचा पेट्रोल पंप म्हणजे एक पातळ पडदा. क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) दाब कमी-जास्त होतो त्यावर तो वर-खाली हलतो. मोटर चालू असताना तो भरपूर ओढतो, पण हाताने दोरी ओढताना मोटर फिरतेच किती? बंद मोटरीत ओ-रिंगमधून हवा शिरून पाइपातलं पेट्रोल मागे टाकीत उतरायचं, तापलेल्या कार्बोरेटरच्या वाटीतलंही थोडं उडून जायचं, आणि मग दोरीच्या झटक्यांवर तो पडदा नुसती हवा ओढत बसायचा. बल्ब कडक होईपर्यंत दाबायचा आणि मग थोडा वेळ हात न लावता बघायचा, एवढं केलं तरी हे कळतं. धरून राहिला तर ठीक. मऊ पडला तर कुठे तरी वाट आहे. दाबताना बल्बचा बाण वरच्या दिशेला धरायचा, नाहीतर आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. हे मामांनी मला दोनदा करून दाखवलं.

पाइपचं काम झालं तरी मामा थांबले नाहीत. गार मोटर अजून हवी तशी पटकन लागत नव्हती. त्यांनी हवेच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि मला चोकचा नॉब ओढायला सांगितलं. नॉब पूर्ण बाहेर, पण आतली पाकळी पूर्ण बंद होत नव्हती. बाजूने करंगळी जाईल एवढी फट. आधीच्या ठिकाणी कार्बोरेटर परत बसवताना चोकचा दांडा चुकीच्या छिद्रात अडकवला होता. गार इंजिनला सुरुवातीला जास्त पेट्रोल, कमी हवा लागते, आणि ती अर्धवट पाकळी नेमकी हवा सोडत होती. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि पाच मिनिटं. पैसे घेतले नाहीत.

ठिणगीचं थोडं वेगळं सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. नेहमीची पद्धत म्हणजे प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठिणगी बघायची. मामा म्हणतात त्यात अर्धीच गोष्ट कळते. उघड्या हवेत प्लगच्या बारीक फटीत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत तीच उडवायला जास्त ताकद लागते. म्हणून ते फट वाढवता येणारा टेस्टर वापरतात आणि ठिणगी मोठी फट ओलांडते का बघतात. वरच्या सिलिंडरची ओलांडत होती, खालची मधेच तुटत होती. कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गेली असं मला वाटलं आणि पोटात गोळा आला, कारण जुन्या मोटरची कॉइल मिळवणं म्हणजे आठवड्यांचं काम. त्यांनी आधी प्लगची रबरी टोपी पिळून काढली. आतली तार हिरवी पडली होती. तारेचं टोक थोडं कापलं, तांबं चकचकीत दिसेपर्यंत, नवी टोपी पिळून बसवली, आणि ठिणगी निळी, दणदणीत. स्वस्तात मिळणारी वस्तू आधी तपासायची, कॉइल आणि सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक भाग) शेवटी. आणि एक ताकीद: हे करताना आजूबाजूला उघडं पेट्रोल नको. मामा प्लगची भोकं चिंध्यांनी झाकल्याशिवाय आणि टाकी शेडच्या बाहेर ठेवल्याशिवाय ठिणगी बघत नाहीत.

आमच्या मोटरीत एक मोठा बिघाड नव्हताच. पाइप, ओ-रिंग, चोक, टोपी अशा चार बारीक गोष्टी एकत्र आल्या होत्या. अशा वेळी एक सुधारून थोडा फरक पडला की कारागीर थांबतो आणि आठवड्यात तक्रार परत येते. मामा शेवटपर्यंत जातात.

संध्याकाळपर्यंत मोटर ड्रममध्ये एका झटक्यात लागत होती. मागच्या भोकातून मोटर गार ठेवणाऱ्या पाण्याची धार व्यवस्थित येत होती. मी गाडीत घालायला पोरांना फोन केला, तर मामांनी नाही म्हणून सांगितलं. "तापलेली मोटर कुणाची बी लागती. रात्रभर राहू दे. सकाळी गार असताना तुम्हीच वढा. लागली तर न्या." मला वाटतं हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडला, बल्ब कडक केला, किल-स्विचची क्लिप बघितली, गिअर न्यूट्रलला, हँडल 'स्टार्ट'च्या खुणेवर, चोक बाहेर. दोरी आधी हळू ओढून जिथे पकडते तिथे आणली आणि मग जोरात झटका दिला. दुसऱ्या झटक्याला मोटर लागली आणि चोक आत ढकलल्यावरही बसली नाही.

बिल हाताने लिहिलेलं: बल्बसकट नवा पाइप १,६०० रुपये, प्लगच्या दोन टोप्या ३६०, ओ-रिंग आणि क्लिपा १२०, मजुरी १,५००. एकूण ३,५८० रुपये. आधी सांगितलेल्या बोअरच्या खर्चाजवळही हा आकडा येत नाही. जुने पार्ट त्यांनी पिशवीत घालून माझ्याकडे दिले, चिरलेल्या पाइपसकट. मी तो मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवला, कारण वर्गणी देणाऱ्यांना आपला पैसा कुठे गेला ते दिसायला हवं.

पेट्रोलबद्दल मामांनी जे सांगितलं ते सगळ्यांच्या कामाचं आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. पण जुन्या मोटरीचे पाइप, पडदे, ओ-रिंगा त्या काळच्या रबराच्या आहेत. इथेनॉल त्या रबराला मानवत नाही, ते फुगतं, सोलपटतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पाणी वाढत जाऊन एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे मोटरला आधी तेच जातं, आणि टू-स्ट्रोकला त्याहून वाईट म्हणजे ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच. अशा पाण्यावर मोटर लागली तरी बेअरिंग वंगणाशिवाय फिरतात. आमच्या टाकीतलं पेट्रोल त्यांनी काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरलं. तळाशी पाण्याची रेघ नव्हती, पण ते जुनं, वास उतरलेलं होतं. पेट्रोलमधला चटकन पेटणारा हलका भाग आधी उडून जातो, राहतं ते गार मोटरीत पेटायला जड जातं. त्यांनी ते काढून टाकायला लावलं. आता आमचा नियम: पुराचं पाणी उतरल्यावर टाकीतलं पेट्रोल दुचाकीत घालून टाकू नका, कारण त्यात ऑइल मिसळलेलं असतं. ज्याच्याकडे टू-स्ट्रोक फवारणी पंप आहे त्याला द्या, आणि टाकी रिकामी, सुकी करून ठेवा. शेवटी बंद करताना मोटर ड्रममध्ये हळू चालवत पाइप काढून घ्यायचा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते आणि बारीक जेटमध्ये चिकट थर बसत नाही.

ऑइलच्या बाबतीत ते कडक आहेत. आमच्या मोटरीला ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. २४ लिटरची टाकी भरली तर ४८० मिली. मोजूनच घालायचं, अंदाजाने नाही, आणि डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच, म्हणजे पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोकचं. दुचाकीचं टू-टी त्यात घालू नका म्हणून त्यांनी बजावलं. ते हवेने गार होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनसाठी बनवलेलं असतं. सुरू व्हायला त्रास होतो म्हणून ऑइल कमी करणारेही बघितलेत म्हणे. प्लग काळे पडायचे थांबतात आणि पिस्टन धरतो.

उणिवा सांगते, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी लांबून आलं आणि हेलपाटा झाला तर वाईट. मामा फोन सहसा उचलत नाहीत. हात ऑइलचे असतात आणि मदतीला एकच मुलगा आहे. मे महिन्यात रांग असते. मोटर ठेवून जावी लागते आणि कधी आठवडा जातो. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, तोहात्सु अशा जुन्या टू-स्ट्रोक आणि कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोक ते घेतात, पण इंजेक्शनच्या नव्या मोटरींना हात लावत नाहीत, स्पष्ट सांगतात. पार्ट त्यांच्याकडे साठवलेले नसतात. पाइप, टोपी, ओ-रिंग, प्लग मिळतात, पण इम्पेलर (मोटर गार ठेवायला पाणी ओढणारी रबरी चक्री), वॉटर पंपचा किट, कॉइल किनाऱ्यावरून मागवावं लागतं आणि वाट बघावी लागते. आमचा इम्पेलर त्यांनी पाहिला. पाकळ्या ठीक होत्या, तरी पुराच्या गाळपाण्यात चालणाऱ्या मोटरीचा पुढच्या वर्षी बदला म्हणाले. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब काढले, पांढरट नव्हतं, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं नाही. ग्रामपंचायतीची किंवा शासकीय बोट असेल आणि जीएसटीचं बिल लागणार असेल तर आधी बोलून घ्या, इथे साधी पावती मिळते. शिवाय ते बोटीवर येत नाहीत, मोटर काढून न्यावी लागते. आमची मोटर माणसं उचलून गाडीत घालू शकतात, पण ४० हॉर्सपॉवरच्या मोटरीला चार माणसं आणि मोठी गाडी लागेल.

वागणुकीबद्दल. गॅरेजमध्ये बाईमाणूस मोटर घेऊन आली की समोरचा माणूस आपल्यामागे उभ्या असलेल्या पुरुषाकडे बघून बोलतो, हा माझा कायमचा अनुभव. मामांनी एकदाही तसं केलं नाही. प्रश्न मला, उत्तर मला, प्लग माझ्या हातावर. त्यांच्या मुलाने चहा आणला तोही आधी माझ्यापुढे. ज्या बायका बचत गटाच्या मत्स्यपालनाच्या बोटी सांभाळतात त्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं.

यानंतर मोटर नदीवर बऱ्याचदा चालवली, थांबवून पुन्हा सुरू केली. तो जुना त्रास गेला आहे. मंडळाच्या पोरांना आता दर रविवारी एकदा तरी ड्रममध्ये सुरू करून बघायचं काम दिलं आहे, कोरड्यावर एक सेकंदही नाही, कारण पाण्याशिवाय फिरला की इम्पेलर जळतो.

जाणार असाल तर मृगाच्या बरंच आधी जा, शक्यतो एप्रिलमध्ये. मोटरबरोबर आपली टाकी, पाइप आणि त्यातलं पेट्रोल जसं असेल तसं घेऊन जा, घरी काही धुऊन-पुसून नेऊ नका. निम्मी माणसं नुसती मोटर नेतात आणि बिघाड घरी अंगणात पडलेला असतो. मॅन्युअल असेल तर तेही. आणि सकाळी लवकर पोचा, दहाच्या आत. दुपारी एकनंतर मामा जेवायला घरी जातात आणि चारशिवाय शेड उघडत नाही.